‘मरुत’ आणि त्याचे सोबती

हैदराबादेत वाढलेल्या मुलास जेट विमानाचा आवाज ओळखावयास कोणी शिकवावा लागत नाही. शहराच्या उत्तरेस हकीमपेठ, त्यापलीकडे दुंडिगल आणि अलीकडे बेगमपेठ अशी तीन धावपट्ट्यांची ठिकाणे असताना आपले आकाश शांत राहावे कसे? हकीमपेठेस १९५० नंतरच्या दशकात तरुण वैमानिक ‘व्हॅम्पायर’ विमानांवर धडे गिरवीत. दुंडिगल येथील वायुसेना अकादमीची कोनशिला ११ ऑक्टोबर १९६७ रोजी राष्ट्रपती डॉ. झाकीर हुसेन यांच्या हस्ते बसली. तेव्हापासून आजवर देशाच्या वायुसेनेतील पुष्कळ अधिकारी आपल्या या पठाराच्या खडकांवरूनच पहिल्यांदा वर उडाले आहेत. सिकंदराबाद, तिरुमलगिरी, सैनिकपुरी, यापराल या भागांत निवृत्त सैनिकांची घरे इतकी आहेत की, एखाद्या गल्लीत संध्याकाळी फिरावयास निघालेल्या चार वृद्धांपैकी दोघे तरी एके काळी गणवेश घालीत असावेत.

अशा गावी राहूनही विमानांविषयी आपणांस किती माहिती असते? शाळेतील विज्ञान मंडळाने यंदा हा विषय अभ्यासास घेतला तेव्हा आम्हांस एक गोष्ट प्रकर्षाने जाणवली. विद्यार्थ्यांना परदेशी विमानांची नावे, वेग आणि किंमतीसुद्धा तोंडपाठ होत्या. परंतु भारतात आखलेले व भारतात बांधलेले पहिले जेट लढाऊ विमान कोणते, या प्रश्नास वर्गातून दोनच हात वर आले. त्या विमानाचे नाव ‘मरुत’. कारखान्याच्या भाषेत एच. एफ. २४.

नाव मोठे समर्पक आहे. वेदांतील मरुत हे रुद्राचे पुत्र व इंद्राचे साहाय्यक, वादळवाऱ्याचे देव होत. ते कधी एकटे येत नाहीत. त्यांचा नेहमी गण असतो. आमच्या या मरुताचेही तसेच आहे. त्याची हकीकत सांगावयास बसले की एकटे विमान पुढे येत नाही. त्याच्या मागून आराखडा काढणारे, चाचणी घेणारे, लढणारे आणि तेल-काजळीत हात घालणारे असे पुष्कळ सोबती येतात. त्यांपैकी काहींची ओळख येथे करून द्यावयाची आहे.

स्वातंत्र्यानंतर दहा वर्षे होण्याच्या आतच वायुसेनेने एका नव्या विमानाची मागणी कागदावर उतरविली होती. हे विमान ध्वनीच्या दुप्पट वेगाने जावे, साठ हजार फूट, म्हणजे सुमारे अठरा हजार मीटर उंची गाठावी, आणि आठशे किलोमीटरवर जाऊन लढून परत यावे, अशी ती मागणी होती. ज्या देशात तोवर एकही जेट विमान आखले गेले नव्हते त्या देशाने ही अपेक्षा धरावी, हे धाडसच म्हटले पाहिजे. बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात त्या काळी अनुभव होता तो मुख्यतः परदेशी विमाने परवान्याने बांधण्याचा, आणि शिकाऊ वैमानिकांसाठी ‘एच. टी. २’ हे लहानसे पंख्याचे विमान स्वतः घडविण्याचा. हे एच. टी. २ ऑगस्ट १९५१ मध्ये प्रथम उडाले. त्याचे आराखडे ज्यांच्या देखरेखीखाली निघाले ते डॉ. विष्णु माधव घाटगे मूळचे कोल्हापूर भागातील. जर्मनीतील गटिंगेन विद्यापीठात वायुगतिशास्त्राचे आद्य आचार्य लुडविग प्रांड्टल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट मिळविली होती. त्यांच्याकडे आपण पुन्हा वळणार आहोत, कारण हैदराबादच्या आकाशावर त्यांचा हक्क इतरांहून अधिक आहे.

जेट लढाऊ विमानासाठी सरकारने १९५६ साली कुर्ट टांक यांना आणले. दुसऱ्या महायुद्धात ‘फोके-वुल्फ १९०’ हे गाजलेले जर्मन विमान आखणारा हा माणूस युद्धानंतर अर्जेंटिनात गेला आणि तेथून भारतात आला. त्याच्याबरोबर जर्मन अभियंत्यांचा छोटासा गट होता. बाकीचे काम करणारे हात व डोकी आपलीच होती. पुष्कळ लेखांत ‘मरुत हे जर्मन विमान’ असे एका वाक्यात लिहून मोकळे होतात. आम्हांस हे पटत नाही. मुख्य आराखडा टांक यांचा खरा, पण शेकडो भारतीय अभियंत्यांनी, कारागिरांनी आणि आरेखकांनी तो कागदावरून धातूत आणला. आणि १९६७ मध्ये टांक परत गेल्यावर त्या विमानाचे पुढचे सारे ओझे त्यांनीच वाहिले.

येथे थोडे थांबून जेट इंजिन कसे चालते हे पाहू. त्यावाचून पुढची हकीकत कळणार नाही. फुगा फुगवून त्याचे तोंड सोडले म्हणजे हवा मागे सुटते व फुगा पुढे पळतो. जेट इंजिनात तत्त्व तेच. समोरून हवा आत घेतली जाते. अनेक पात्यांचे फिरते चक्र तिला दाबून लहान जागेत कोंबते. त्या दाबलेल्या हवेत रॉकेलसारखे इंधन जाळतात. तापून प्रसरण पावलेले वायू मागच्या चाकास फिरवून शेपटीकडून वेगाने बाहेर पडतात. मागचे चाक पुढच्या चक्रास फिरवते, म्हणून एकदा सुरू झाले की हे रहाट चालूच राहते. मागे सुटणारा झोत जितका जोरदार तितका विमानास रेटा अधिक. हा रेटा किलोग्रॅममध्ये मोजतात. बाहेर पडणाऱ्या झोतात आणखी इंधन फवारून पुन्हा पेटविले तर थोडा वेळ जास्त रेटा मिळतो. ध्वनीचा वेग ओलांडावयाचा असेल तर बहुधा अशा पुनर्दहनाची गरज पडते.

ध्वनीचा वेग जमिनीलगत ताशी सुमारे १,२२५ किलोमीटर असतो. त्या वेगाच्या जवळ गेले की हवा पाण्यासारखी बाजूस सरत नाही. ती दाटून भिंतीसारखी आडवी येते. म्हणून वेगवान विमानाचे पंख मागे कललेले असतात. मरुताच्या अंगाकडे नीट पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. पंख जेथे धडास जोडले आहेत तेथे धड किंचित बारीक होते, जणू कोणी कमरेस हात घालून दाबले आहे. नाकापासून शेपटीपर्यंत विमानाची एकंदर जाडी एकदम वाढू अगर कमी होऊ नये, म्हणजे विरोध कमी होतो, हे तत्त्व अमेरिकेत १९५० नंतरच्या काही वर्षांत सिद्ध झाले. बंगलोरच्या मंडळींनी ते लगेच उचलले. सुमारे सोळा मीटर लांबीचे व नऊ मीटर पंखांच्या पसाऱ्याचे हे विमान दिसावयास देखणे होते, यावर त्याच्या निंदकांचेही एकमत आहे.

बांधणीपूर्वी एक मोठी युक्ती करण्यात आली. पूर्ण आकाराचे लाकडी विमान, इंजिनाशिवाय, तयार केले. डकोटा विमानाच्या मागे दोराने बांधून ते वर नेत आणि तेथे सोडून देत. मग वैमानिक त्यास तरंगत खाली आणी. १९५९ पासून अशी सत्तराहून अधिक उड्डाणे झाली. बैलगाडीच्या मागे नवी चाके जोडून ती वळतात कशी हे सुतार पाहतो, त्यातलाच हा प्रकार. पैसा थोडा, प्रयोगशाळा अपुऱ्या, पण बुद्धी व धीर भरपूर! पुढे १७ जून १९६१ रोजी विंग कमांडर सुरंजन दास यांनी पहिले खरे मरुत बंगलोरहून आकाशात नेले.

एवढ्यावर गोष्ट संपती तर ती सुखान्त झाली असती. परंतु विमानाच्या पोटात बसवावयाचे इंजिन कोठे होते? टांक यांनी विमान आखले ते ब्रिटनमध्ये तयार होत असलेल्या ‘ऑर्फियस १२’ या जोरकस इंजिनासाठी. मध्येच त्या इंजिनास युरोपात गिऱ्हाईक उरले नाही. ते पूर्ण करावयाचे तर खर्च भारताने उचलावा, असे कंपनीने कळविले. सरकारने नकार दिला. त्या वेळी तो खर्च वाचला. पुढे त्याची किंमत किती मोजावी लागली हे सांगणे कठीण आहे. शेवटी ‘ऑर्फियस ७०३’ ही त्याच घराण्यातील लहान इंजिने दोन बसविण्यात आली. याच घराण्यातील इंजिने ‘नॅट’ या चिमुकल्या विमानासाठी आपल्याकडे बनत. प्रत्येकाचा रेटा सुमारे २,२०० किलोग्रॅम, पुनर्दहन नाही. ध्वनीच्या दुप्पट वेगासाठी आखलेले शरीर, आणि शक्ती त्याच्या निम्म्या वेगाची! मल्लाचा अंगरखा शाळकरी पोरास घालावा तसे झाले.

मग इंजिनाचा शोध सुरू झाला. इजिप्तमध्ये त्या वेळी ‘ई ३००’ नावाचे इंजिन तयार होत होते. तेथील ‘एच. ए. ३००’ या विमानाचे पहिले उड्डाण १९६४ साली आपलेच चाचणी वैमानिक कपिल भार्गव यांनी केले, ही गोष्ट मुद्दाम ध्यानात ठेवावी. एक मरुत इजिप्तला नेऊन त्यास ते इंजिन बसवून १९६७ मध्ये उडविण्यातही आले. परंतु त्याच वर्षी जूनमध्ये अरब-इस्राएल युद्ध पेटले आणि थोड्या अवधीत तो मार्गही बंद झाला. बंगलोरलाच ऑर्फियसला पुनर्दहन जोडण्याचा प्रयत्न चालू होता. त्या प्रयत्नातील एक विमान १० जानेवारी १९७० रोजी उड्डाणानंतर लागलीच कोसळले आणि त्यात ग्रुप कॅप्टन सुरंजन दास मृत्यू पावले. ज्यांनी मरुतास पहिल्यांदा उडविले त्यांचाच हा शेवट. बंगलोरमध्ये कारखान्याजवळून जाणाऱ्या रस्त्यास त्यांचे नाव आहे. त्यावरून रोज जाणाऱ्या किती जणांस ते कोणाचे हे ठाऊक असेल?

तरीही विमान वायुसेनेत दाखल झाले होते. १९६७ च्या एप्रिलमध्ये दहाव्या स्क्वाड्रनने मरुत घेतले. पाठोपाठ दोनशे विसावे व एकतिसावे स्क्वाड्रनही त्यावर आले. एकूण १४७ विमाने बांधली गेली, त्यांत १८ दोन आसनांची होती. शत्रूच्या विमानांस उंचावर गाठणारे म्हणून जन्मास घातलेले मरुत आता जमिनीलगत उडून रणगाडे, आगगाड्या व दारूगोळ्याची कोठारे फोडण्याच्या कामास लागले. आणि या कामात त्याने नाव काढले.

डिसेंबर १९७१ चे युद्ध चौदा दिवसांचे. मरुतांची ठाणी राजस्थानात जोधपूर व उत्तरलाई येथे होती. तेथून सिंधच्या वाळवंटात नया छोरच्या बाजूस पुढे सरकणाऱ्या आपल्या पायदळास त्यांनी साथ दिली. त्या चौदा दिवसांत मरुतांनी तीनशेहून अधिक मोहिमा केल्या. जमिनीवरील तोफांच्या माऱ्याने काही विमाने गेली, परंतु हवेतील झुंजीत एकही पडले नाही. उलट ७ डिसेंबरला स्क्वाड्रन लीडर के. के. बक्षी यांनी मरुतातून एक सेबर विमान पाडले. दोन इंजिने असण्याचा फायदाही दिसून आला. एक इंजिन निकामी झाले असता दुसऱ्यावर वैमानिक घरी पोहोचल्याचे प्रसंग एकाहून अधिक आहेत. मरुताच्या तीन वैमानिकांस वीरचक्र मिळाले.

हे सारे पुस्तकांतून मिळते. पुस्तकांत जे नसते ते ऐकण्यासाठी आम्ही, म्हणजे दोन शिक्षक आणि नववीचे अकरा विद्यार्थी, सैनिकपुरीस एका निवृत्त वायुसैनिकाच्या घरी गेलो. हे मूळचे नांदेडकडचे. विमाने उडविणारे नव्हे, विमाने उडण्याजोगी ठेवणारे. आपले नाव छापू नये अशी त्यांची इच्छा असल्यामुळे ते येथे देत नाही. मुले त्यांस काका म्हणू लागली आणि त्यांनीही तो मान आनंदाने घेतला.

आमच्या एका विद्यार्थ्याने मोठ्या तयारीने पहिलाच प्रश्न केला, “काका, लोंगेवाल्यास मरुतांनी रणगाडे फोडले तेव्हा तुम्ही तेथे होता का?”

काका हसले. “बाळ, लोंगेवाल्याला हंटर होते, जैसलमेरचे. ते त्यांचं काम. आम्ही त्यांच्या दक्षिणेला. दुसऱ्याचं श्रेय आपल्या ताटात वाढून घेऊ नये. आमच्या ताटात पुष्कळ आहे.”

हे वाक्य आमच्या वहीत पहिले लिहिले गेले. कित्येक छापील लेखांत लोंगेवाल्याच्या विजयाचे श्रेय मरुताच्या नावे नोंदलेले आढळते. आणि ज्याने त्या विमानावर आयुष्यातील उमेदीची वर्षे घालविली तो मनुष्य स्वतःहून ते नाकारतो. आठवण ही नेहमी फुगत जाते असे म्हणतात. क्वचित ती छापील मजकुराहून अधिक काटेकोर असते, हा अनुभव आम्हांस नवा होता.

मग त्यांनी जे सांगितले त्यात लढाईचे वर्णन थोडे आणि कामाचे फार होते. डिसेंबरात वाळवंटात रात्री इतकी थंडी पडे की, पहाटे विमानाच्या पत्र्यास बोट लावले तर चटका बसल्यासारखे वाटे. आणि उन्हाळ्यात तोच पत्रा खरोखर चटका देई. वाळू ही मोठी वैरीण. विमान उभे असले की हवा आत घेण्याच्या तोंडांवर झाकणे बसवावयाची, उड्डाणापूर्वी ती काढावयाची, लाल फीत लावलेल्या खिळी एकेक मोजून हातात घ्यावयाच्या आणि वैमानिकास दाखवावयाच्या. एखादी खीळ विसरली तर तोफ चालणार नाही अगर चाक वर जाणार नाही. परत आलेल्या विमानात इंधन भरणे, गोळ्यांच्या माळा चढविणे, पत्र्यास पडलेली भोके तपासणे, आणि हे सारे अंधारात, हातबत्तीवर कागद गुंडाळून, कारण उजेड दिसला तर वरून बॉम्ब. मरुतात ३० मिलिमीटरच्या चार तोफा होत्या. त्या साफ करताना हातांस जो काळा रंग बसे तो सुट्टीवर गावी गेल्यावरही आठ दिवस निघत नसे, आणि जेवावयास बसताना आईची बोलणी खावी लागत.

“सगळ्यांत अवघड काम कोणते?” एका मुलीने विचारले.

“मोजणं,” ते म्हणाले. “चार गेली की चार यायची वाट पाहायची. डोळ्याला दिसायच्या आधी कानाला कळतं. दोन इंजिनांचा सूर वेगळा, एकाचा वेगळा. एकदा एकाच इंजिनाचा सूर आला. आम्ही सगळे धावपट्टीच्या कडेला उभे. कोणी बोलेना. ते टेकलं, थांबलं, वैमानिक खाली उतरला, आणि त्यानं पहिलं काय केलं तर विमानाच्या नाकावर हात ठेवला. मग आमच्याकडे बघितलं.”

ते पुढे काही बोलले नाहीत. घरातून चहा आला.

त्यांना मरुताविषयी तक्रारीही होत्या, आणि त्या लपविण्याची त्यांस गरज वाटली नाही. सुटे भाग वेळेवर मिळत नसत. एका विमानाचा भाग काढून दुसऱ्यास लावावा लागे, आणि मग ते पहिले विमान महिनोन्महिने कोपऱ्यात उभे राही. शक्ती कमी, हे तर सारेच म्हणत. परंतु जमिनीलगत वेगाने जाताना ते डळमळत नसे, निशाण धरून राही. वैमानिक खाली उतरल्यावर ज्या शब्दांत त्याची स्तुती करीत त्यांतील काही शब्द मुलांपुढे सांगण्याजोगे नाहीत, असे म्हणून ते पुन्हा हसले.

तेव्हा मरुत यशस्वी की अयशस्वी? तज्ज्ञांत याबद्दल अजून वाद आहे. मागणीचा कागद पुढे ठेवला तर विमान नापास. ध्वनीच्या दुप्पट वेगाच्या जवळपासही ते कधी गेले नाही. लढाईचा हिशेब पुढे ठेवला तर ते चांगल्या गुणांनी उत्तीर्ण. आमचे मत असे की, नापास झाले ते विमान नव्हे; इंजिनाविना विमान आखावयास घेण्याचा बेत नापास झाला. याहून वाईट गोष्ट पुढे घडली. मरुत बांधताना जे शेकडो लोक शिकले त्यांच्या हाती त्यानंतर लगेच दुसरे लढाऊ विमान दिले गेले नाही. भारतात आखलेले पुढचे लढाऊ विमान, म्हणजे ‘तेजस’, उडाले ते ४ जानेवारी २००१ रोजी. मरुताच्या पहिल्या उड्डाणापासून हे अंतर जवळजवळ चाळीस वर्षांचे. एवढ्या अवधीत शिकलेली पिढी निवृत्त होते, आणि नव्यांस पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावे लागते.

१९९० पर्यंत सारे मरुत सेवेतून गेले. बहुतेक मोडीत निघाले. काही थोडे उरले, ते बंगलोरच्या विश्वेश्वरय्या संग्रहालयात आणि विमान कारखान्याच्या स्वतःच्या संग्रहालयात. मुंबईस वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात. पुण्यास एरंडवण्याच्या कमला नेहरू उद्यानात. एक तर थेट जर्मनीत, म्यूनिकजवळ श्लाइसहाइमच्या संग्रहालयात आहे. कुर्ट टांक यांच्या मायदेशाने त्यांचे हे अखेरचे विमान आपल्याकडे ठेवून घेतले.

जतन करणे म्हणजे काय, याचा विचार येथे आला पाहिजे. उघड्यावर ठेवलेल्या विमानास पाऊस लागतो, पत्रा गंजतो, काच पिवळी पडते. मग कोणी सद्हेतूने त्यास नवा रंग देतो आणि त्या रंगाखाली जुना क्रमांक, स्क्वाड्रनचे चिन्ह, दुरुस्तीच्या खुणा बुजून जातात. काका म्हणाले, “क्रमांक चुकला तर ते आमचं विमान राहत नाही. नुसता आकार राहतो.” देशभर असे हौशी लोक आहेत, त्यांत वकील, डॉक्टर, कारकून, विद्यार्थीही आहेत, जे सुट्टीच्या दिवशी बागांतून, छावण्यांच्या दारांतून, महाविद्यालयांच्या पटांगणांतून उभ्या असलेल्या जुन्या विमानांचे क्रमांक टिपत फिरतात व ते विमान कोठे होते, कोणी उडविले, हे शोधून काढतात. लोक त्यांस हसतात. इतिहासाच्या शिक्षकाने तरी हसू नये. शिलालेखाचे ठसे घेणारेही आरंभी असेच वेडे ठरले होते.

या संदर्भात हैदराबादची एक हकीकत सांगितल्यावाचून राहवत नाही, जरी ती जेट विमानाची नाही. पहिल्या महायुद्धात निजाम मीर उस्मान अली खान यांनी ब्रिटिश वायुदलाच्या ११० व्या स्क्वाड्रनच्या विमानांचा खर्च दिला. म्हणून त्या स्क्वाड्रनच्या नावात ‘हैदराबाद’ आले. त्यांतील ‘डी. एच. ९ ए’ जातीचे, एफ १०१० क्रमांकाचे एक विमान ऑक्टोबर १९१८ मध्ये जर्मनांच्या हाती लागले. त्यांनी ते बर्लिनच्या संग्रहालयात मांडले. दुसऱ्या युद्धात ते पोलंडात गेले, आणि १९७७ साली तेथून लंडनच्या वायुदल संग्रहालयात परतले. लाकूड व कापडाचे हे विमान आजही तेथे आहे आणि निजामाने दिल्याचा मजकूर त्याच्या अंगावर आहे. तीन देशांनी ते सांभाळले. ज्या शहराच्या पैशाने ते बांधले गेले त्या शहरात मात्र त्याची वार्ता फारच थोड्यांस आहे.

असो. आता डॉ. घाटगे यांच्याकडे परत येऊ. मरुताची धामधूम चालू असतानाच त्यांच्या नेतृत्वाखाली बंगलोरला दुसरे एक जेट विमान आकार घेत होते. ते लढाऊ नव्हते. शिकाऊ वैमानिकासाठी होते. ४ सप्टेंबर १९६४ रोजी तेही सुरंजन दास यांनीच पहिल्यांदा उडविले. त्याचे नाव ‘किरण’. मरुताइतका गाजावाजा त्याचा कधी झाला नाही, परंतु आयुष्य मात्र त्यास दीर्घ लाभले. गुरू आणि शिष्य एकामागे एक न बसता शेजारी शेजारी बसतात, हे त्याचे वैशिष्ट्य. शिष्याचा हात चुकला तर गुरूस लगेच दिसतो, आणि गुरूची मुद्रा बदलली तर शिष्यासही! हकीमपेठ व दुंडिगल येथे अनेक दशके पिढ्यान्‌पिढ्या वैमानिक किरणवर शिकले. १८ जून २०१६ रोजी दुंडिगलला ज्या तीन तरुणी देशाच्या पहिल्या लढाऊ महिला वैमानिक म्हणून दाखल झाल्या, त्या अवनी चतुर्वेदी, भावना कंठ आणि मोहना सिंह यांचेही शिक्षण याच विमानावर झाले. आपल्या जुन्या हैदराबाद राज्यातील बीदर येथून १९९६ पासून ‘सूर्यकिरण’ पथक नऊ-नऊ किरण विमाने अंगास अंग लावून उडवीत असे; त्यांच्या कसरती पाहिलेले वृद्ध आपल्या घरीही असतील, त्यांस विचारावे.

या विमानाची एक दुःखद आठवणही आपल्या शहराशी बांधलेली आहे. ३ मार्च २०१० रोजी बेगमपेठेस विमानप्रदर्शन चालू असता नौसेनेच्या ‘सागर पवन’ पथकाचे एक किरण बोवेनपल्ली भागातील इमारतीवर कोसळले आणि पथकाचे प्रमुख कमांडर मौर्य व त्यांचे सोबती लेफ्टनंट कमांडर नायर मृत्युमुखी पडले. आमच्यातील एका शिक्षकाने त्या दुपारी आपल्या गच्चीवरून धुराचा लोट पाहिला होता.

किरणच्या दुसऱ्या आवृत्तीस जे इंजिन बसविले ते ऑर्फियसच, म्हणजे मरुताच्या घराण्यातले. सैनिकपुरीच्या काकांना आम्ही हे सांगू लागलो तेव्हा त्यांनी हात वर करून आम्हांस थांबविले. “ते मला कशाला सांगता? इथं घर घेतलं ते त्यासाठीच.” आणि त्यांनी त्या दोन इंजिनांच्या आवाजांतील साम्य व फरक तोंडाने काढून दाखविला. मुलांनी तो ध्वनिमुद्रित करून ठेवला आहे. विज्ञान मंडळाच्या कपाटात तो ऐकावयास मिळेल.

मे महिन्याच्या सुट्टीत आपल्यापैकी पुष्कळ जण पुण्या-मुंबईस नातलगांकडे जातात. त्यांनी एरंडवण्याच्या उद्यानात अगर वरळीस मरुत अवश्य पाहावे. शेपटीवरील क्रमांक, पाटीवरील मजकूर आणि पत्र्याची स्थिती वहीत टिपून आणावी. कमरेपाशी ते कसे बारीक झाले आहे हे बाजूने उभे राहून पाहावे व चित्र काढावे. घरात कोणी वायुसेनेत, भूसेनेत अगर विमान कारखान्यात नोकरीस असेल तर त्यांस हुद्दा विचारण्याआधी रोजचे काम विचारावे. विज्ञान खोलीच्या उत्तरेकडील भिंतीवर यासाठी जागा मोकळी ठेवली आहे, आणि आणलेले कागद जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत मंडळाच्या चिटणीसाकडे द्यावेत.